पडद्याचे भाडे आणि चित्राची किंमत

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक हाती घ्यावे, मग तो गणेश मंडळाचा असो, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा असो की एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या वर्धापनदिनाचा. मंडप, ध्वनिव्यवस्था, प्रकाशव्यवस्था आणि जनरेटर यांच्या जोडीला आता एलईडी पडद्याची ओळ त्यात हमखास असते. १२ बाय २० फूट, दोन दिवस, ऑपरेटरसह. चौरस फुटाला अमुक दर, वाहतूक वेगळी. त्या पडद्यावर लोकांना जे दिसणार आहे, त्याची ओळ मात्र बहुतेक वेळा नसते. असलीच तर ‘कंटेंट समाविष्ट’ एवढ्यावर भागवलेले असते. म्हणजे लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या पेट्या, केबल आणि ते उचलणारे हात या सगळ्यांना दर आहे. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या हलत्या चित्राला दर नाही.

हा केवळ एका व्यवसायाच्या कमाईचा प्रश्न असता, तर त्यावर जाहीर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु यातला मोठा भाग लोकांच्या पैशातून उभा राहतो. कुठे तो कररूपाने गोळा झालेला असतो, कुठे वर्गणी म्हणून, तर कुठे विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. शिवाय ज्या दृश्यांखाली हजारो माणसे तासन्‌तास उभी राहतात, ती सार्वजनिक जागेचाच भाग असतात. म्हणून माझे म्हणणे असे की, सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कार्यक्रमांत पडद्यावरच्या दृश्यांसाठी स्वतंत्र रक्कम, कर्त्याचे नाव, पुरेशी मुदत आणि हक्कांचा लेखी करार या चार गोष्टी बंधनकारक केल्या पाहिजेत. गाण्यांच्या व्हिडिओंच्या खासगी बाजाराला अशी सक्ती करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु सार्वजनिक संस्थांनी रीत पाडली, की बाजार ती हळूहळू उचलतो.

हे काम नेमके काय असते, याची कल्पना नसल्यामुळेच ते फुकटात मागितले जाते. आधी गाण्याच्या व्हिडिओचे घेऊ. चार मिनिटांचे गाणे सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी, चित्रित झाले, तर त्यात ६,००० फ्रेम असतात. त्यातल्या एक चतुर्थांश भागात काही परिणाम साधायचा आहे असे समजा: गायिकेच्या मागे पाऊस थबकलेला दाखवायचा आहे, किंवा वाड्याच्या भिंतीवरचे चित्र हलू लागायचे आहे. त्या १,५०० फ्रेममध्ये गायिकेची आकृती पार्श्वभूमीपासून सोडवून घ्यावी लागते. हिरव्या पडद्यासमोर नीट प्रकाश टाकून चित्रण झालेले असेल, तर यातले बरेच काम संगणक करतो. पण आपल्याकडे बहुतेक अल्बम साँगचे चित्रण मुळशीच्या धरणाकाठी किंवा पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात, मिळेल त्या उजेडात उरकलेले असते, आणि ‘मागचे नंतर बघू’ असे सेटवरच ठरलेले असते. अशा वेळी उडणाऱ्या केसांची कड फ्रेमगणिक हाताने आखावी लागते. त्यालाच रोटो म्हणतात, आणि या धंद्यात नव्याने आलेली बहुतेक पोरे पहिली काही वर्षे तेच करत असतात. मग कॅमेऱ्याची हालचाल मोजून नवे चित्र तिला चिकटवायचे, रंग आणि सावली जुळवायची, आणि शेवटी रेंडर, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र तयार करून घेणे. एका फ्रेमला दोन मिनिटे धरली, तर १,५०० फ्रेमचे रेंडर एका संगणकावर ५० तास चालते, तेही एकदाच बरोबर आले तर. दिग्दर्शकाने ‘पाऊस जरा निळसर हवा होता’ म्हटले, की आणखी ५० तास.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचे गणित वेगळे आणि माझ्या मते अधिक अवघड आहे, कारण तिथे दुसरी संधी नसते. एलईडीचा पडदा अर्ध्या मीटरच्या चौकोनी पेट्या जोडून उभा करतात. दोन ठिपक्यांमधले अंतर ३.९१ मिलिमीटर असेल, तर एका पेटीत उभे-आडवे १२८ ठिपके बसतात. सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच पडदा म्हणजे १,५३६ बाय ८९६ ठिपके. त्याच्या दोन्ही बाजूंना मीटरभर रुंद आणि चार मीटर उंच खांब असतील, तर ते प्रत्येकी २५६ बाय १,०२४ ठिपक्यांचे. घरच्या टीव्हीच्या मापात केलेला व्हिडिओ या खांबावर नेला, की एक तर तो चेपतो, नाही तर गणपतीचा कानच तेवढा दिसतो. म्हणून रंगमंचाचा नकाशा आधी हातात लागतो आणि त्याच्या मापाने दृश्य रचावे लागते. उघड्यावरचे पडदे दिवसाउजेडीही दिसावेत इतके प्रखर असतात. रात्री तोच पडदा पूर्ण पांढरा केला, तर समोर उभा असलेला गायक काळी सावली होऊन जातो आणि पहिल्या दहा रांगांचे डोळे दिपतात. अभंग चालू असताना मागचे दृश्य किती मंद ठेवायचे, तानेच्या वेळी ते हलू द्यायचे की स्थिर ठेवायचे, हे निर्णय संगीत कळणाऱ्या माणसाचे आहेत; पेट्या वाहणाऱ्या कंपनीचे नव्हेत.

त्यात लयीचा प्रश्न येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात सेकंदाला दोन ठोके पडतात. सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर दर १५ फ्रेमला ठोका येतो आणि चित्राचा धक्का बरोबर त्यावर बसवता येतो. पण फ्रेम २५ असतील, तर साडेबारा येतात. अर्धी फ्रेम नसते, त्यामुळे दर दुसरा ठोका किंचित चुकतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र गाण्याच्या मागे धावते आहे असे वाटत राहते. परदेशी गायकांच्या मोठ्या दौऱ्यांत वादकांच्या कानात ठरावीक वेगाने ठोका देणारा क्लिक चालू असतो आणि त्याच वेळसंकेतावर पडदे, दिवे, धूर अशी सगळी यंत्रणा बांधता येते. ३० जानेवारी २०२५ रोजी एड शीरन यांच्या भारत दौऱ्याची सुरुवात पुण्यात झाली. अशा कार्यक्रमांमुळे आपल्या प्रेक्षकाच्या अपेक्षाही वाढल्या आहेत. पण ढोल-ताशा पथकाला क्लिक नसतो. ताशा चढत जातो आणि ढोल त्याच्यामागे जातात. तिथे पडद्यामागे बसलेला माणूस रेझोल्यूमसारख्या, दृश्ये थेट चालवणाऱ्या संगणक प्रणालीवर बोटाने ठोका मोजत, दृश्याचा वेग पथकाबरोबर वाढवत नेतो. तो चुकला तर सगळ्यांना दिसते. बरोबर आला तर लोक पथकाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण हा माणूस ‘ऑपरेटरसह’ या शब्दात मावणारा नाही.

आता एवढ्या कामाला शून्य रुपये ठेवले, की काय होते? स्क्रीनवाला स्वतःचे नुकसान करून घेत नाही, आणि त्याने ते का करावे? त्याच्या लॅपटॉपमध्ये काही वर्षांपूर्वी कुठून तरी उतरवलेल्या लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणाऱ्या छोट्या दृश्यफितींचा, साठा असतो. सोनेरी कणांचा पाऊस, फिरणारे ओंकार, निऑनचा बोगदा, ज्वाळा, आकाशगंगा. लावणी असो, पोवाडा असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, की श्रद्धांजलीची सभा, मागे तेच कण गळत असतात. पुणेकरांनी ही दृश्ये इतक्या वेळा पाहिली आहेत की आता ती दिसतही नाहीत. एलईडी पडदा म्हणजे भपका आणि अभिरुचीचा ऱ्हास, अशी तक्रार जाणकार मंडळी करतात. तिच्यातल्या निरीक्षणाशी मी सहमत आहे, निदानाशी नाही. पडदा वाईट नाही. त्यावर काय दाखवायचे याचा विचार करण्यासाठी कोणाला एक दिवसही मिळालेला नाही आणि एक रुपयाही दिलेला नाही, हे वाईट आहे. ज्या गोष्टीला आपण किंमत देत नाही, ती आपल्याला उचलेगिरीच्या रूपातच मिळणार.

आणि उचलेगिरी हा शब्द मी जाणून वापरतो. त्या साठ्यातल्या कित्येक लूप कोणीतरी, कुठेतरी विकण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि त्या वापरण्याचा परवाना कोणी घेतला होता का, हे विचारण्याची पद्धत नाही. संगीताच्या बाबतीत आयोजक आता थोडे सावध झाले आहेत, कारण परवान्याची मागणी करणाऱ्या संस्था दारात येतात. दृश्यांसाठी कोणी येत नाही.

गमतीचा भाग असा की, ज्या शहरात हे चालते त्याची स्वतःची परंपरा अगदी उलट आहे. पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे आठवा. पडदा बाजूला व्हायचा, निवेदन सुरू व्हायचे, अफजलखान पुढे सरकायचा, दिवे लाल व्हायचे, आणि शेवटी त्याच ध्वनिमुद्रणात संकल्पना कोणाची, मूर्ती कोणाच्या, प्रकाश आणि ध्वनी कोणाचे, आवाज कोणाकोणाचे, याची नावे वाचली जायची. पुष्कळ मंडळांत बाजूला पाटीही लागलेली असे. शिल्पकार डी. एस. खटावकर यांचे काम पाहायला म्हणून लोक रांगा लावत. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला दृश्यपरिणाम म्हणावे, त्याचा कर्ता पुण्यातल्या सामान्य माणसाला नावाने ठाऊक होता. मोटर आणि पुठ्ठ्याच्या जागी संगणक आला, तसा तो कर्ता नाहीसा झाला.

नाटकाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठी वर्तमानपत्रातली नाटकाची चार ओळींची जाहिरात घ्या. जागेला पैसे पडतात, एकेक शब्द तोलून टाकलेला असतो, तरीही नेपथ्य कोणाचे आणि प्रकाशयोजना कोणाची, हे त्यात असते. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला आणि प्रकाशयोजनेला स्वतंत्र पारितोषिके आहेत. बालगंधर्वला तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला प्रकाशयोजनाकाराचे नाव वाचून नाटक कसे दिसेल याचा थोडाफार अंदाज येतो. हा मान कोणी कायद्याने दिलेला नाही, व्यवसायाने तो रूढ केला. १९३३ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा ट्रिक दृश्ये, कलादिग्दर्शन आणि ध्वनी सांभाळणारी माणसे, म्हणजे दामले आणि फत्तेलाल, कंपनीचे भागीदार आणि दिग्दर्शकही होती. त्याच जागेवर आज चित्रपट संस्था उभी आहे. तेव्हा दृश्यतंत्र हे दुय्यम कारागिरीचे काम आहे, ही समजूत या गावाला तरी शोभत नाही.

कायद्याकडे वळले, की चित्र थोडे गुंतागुंतीचे होते, आणि इथे थोडे थांबून पाहणे भाग आहे, कारण या व्यवसायातल्या मुलांना नेमकी हीच बाजू माहीत नसते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार हलत्या दृश्यांचे कोणतेही मुद्रण ‘चलच्चित्र’ या वर्गात मोडते, आणि चलच्चित्राचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, अर्थात ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. कलम १७ असे सांगते की, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चलच्चित्र केले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा असतो. तेव्हा कंपनीने किंवा मंडळाने पैसे देऊन लूप बनवून घेतली आणि कागदावर काहीच नसेल, तर ती पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात वापरली गेली तरी बनवणाऱ्याला फारसे बोलता येत नाही. त्या लूपमधली मूळ चित्रे, रेखाटने आणि पात्रे ही मात्र कलाकृती आहेत आणि त्यांचा कर्ता चित्रकारच असतो. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ही माहिती वापरून एखादा तरुण कलावंत आयोजकाशी दोन शब्द जास्त बोलू शकतो. पण त्यासाठी मुळात कागद हवा, आणि आपल्याकडे सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवरच्या ‘करून टाक, बघू’ वर चालतो.

कलम ५७ कर्त्याला आणखी एक हक्क देते: हक्क विकल्यानंतरही आपले कर्तेपण सांगण्याचा, आणि आपल्या कामाची आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भित्तिशिल्प सरकारने नूतनीकरणात उखडून टाकले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. प्रतिवादी भारत सरकार होते, ही बाब महत्त्वाची आहे. सार्वजनिक संस्था कलावंताकडून काम विकत घेते म्हणून तिला त्या कामाचे वाटेल ते करता येत नाही, हे तत्त्व तिथे मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) न सोडता येणारा वाटा मिळाला. त्याच गाण्याचे दृश्यरूप घडवणाऱ्याला त्या दुरुस्तीत जागा नव्हती. ती मिळावी का, यावर दुमत असू शकते. व्हिडिओवर काम केलेल्या प्रत्येकाला वाटा द्यायचा, तर हिशेब अशक्य होईल, या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून मी स्वामित्वधनाची मागणी करत नाही. नावाची, वेळेवर मिळणाऱ्या पैशाची आणि कागदाची करतो.

पैशाच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. दोन संगणकांवर काम करणारा कोथरूडचा स्टुडिओही अशा उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. मात्र हा कायदा दाखवला, की पुढच्या वर्षी फोन येत नाही, हेही तितकेच खरे आहे. काम देणारे मोजके आणि करणारे पुष्कळ, अशा बाजारात एकट्याने कायदा दाखवणे परवडत नाही. म्हणूनच अट काम देणाऱ्याच्या बाजूने, निविदेतच आली पाहिजे.

नावाचा आग्रह केवळ मानापानाचा आहे असे कोणी समजू नये. नावाबरोबर जबाबदारी येते, आणि या विषयात ती फार गरजेची झाली आहे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे मोठे, विशेषतः लाल, झोत काही माणसांना अपस्माराचा झटका आणू शकतात, हे प्रसारणाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे ७०० जणांना, त्यांतल्या बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी नियम केले. आपल्याकडे २० फुटी पडद्यावर, बापाच्या खांद्यावर बसलेल्या लहान मुलांसमोर, त्याहून प्रखर चमक कित्येक मिनिटे चालते आणि ती तपासायची कोणाची जबाबदारी नसते. लेझरच्या बाबतीत हेच झाले. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडे आल्या, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. परंतु प्रकार पाहा. आधी कोणीही, कशाही ताकदीचा झोत, गर्दीच्या डोळ्यांच्या उंचीवर सोडायचा, आणि मग सरसकट बंद. झोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून किती उंच न्यायचा, किती ताकदीचा वापरायचा, हे ठरवणारा जाणकार माणूस मध्ये कुठेच नव्हता. मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जात ध्वनिव्यवस्थेचा मालक शोधला जातो, तसा दृश्यव्यवस्थेचा जबाबदार माणूसही नावाने नोंदवला, तर पुढची बंदी टळू शकेल. तो माणूस आणि कलावंत एकच असेल असे नाही, पण बहुतेक वेळा असतो.

या मागण्यांवर मंडळांचा पहिला आक्षेप पैशाचा असेल. वर्गणीतून चालणाऱ्या लहान मंडळाने हा खर्च कुठून करायचा? माझे उत्तर असे की, लहान मंडळाने पडदाच घेऊ नये. पूर्वी ज्या मंडळाला हलता देखावा परवडत नसे, ते फुलांची आरास करत आणि ती सुंदर असे. पडदा घ्यायचाच असेल तर तो निम्म्या आकाराचा घ्यावा आणि वाचलेल्या भाड्यात कोणाकडून तरी चार मिनिटांचे काम करून घ्यावे. आकाराची स्पर्धा आपण मान्य केली आहे, कारण चौरस फूट मोजता येतात.

दुसरा आक्षेप नवा आहे: हे सगळे आता एआय करून देतो. काही शब्द लिहिले की काही मिनिटांत हलते चित्र हाती येते, हे खरे, आणि रोटोसारखे कंटाळवाणे काम यंत्राने केले तर त्या पोरांना ते हवेच आहे. परंतु यंत्राकडून आलेला शिवाजी महाराजांचा जिरेटोप कुठल्या काळातला आहे, किंवा विठ्ठलाचे हात कटीवर आहेत की नाहीत, हे यंत्र सांगत नाही, आणि ते चुकले तर मंडपासमोर काय होईल हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. पडद्याचे माप, खांब, गायकाची जागा, ताशाची चढती लय, यांतले काहीही त्या चित्राला ठाऊक नसते. बनवण्याचा खर्च कमी होईल. निवडण्याचा, जुळवण्याचा आणि जबाबदारीचा होणार नाही. अंदाजपत्रकातली ओळ लहान होईल, शून्य व्हायचे कारण नाही.

कलावंतांच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही, हे म्हटले पाहिजे. परवाना नसलेली सॉफ्टवेअर वापरायची, दुसऱ्याची टेम्प्लेट उघडून त्यात मंडळाचे नाव टाकायचे आणि मग आपल्या हक्कांबद्दल बोलायचे, हे जमणार नाही. ब्लेंडरसारखी पूर्ण मोफत आणि उत्तम प्रणाली उपलब्ध असताना चोरीच्या प्रती वापरण्याला गरिबीचे कारणही पुरत नाही. शिवाय पुण्यातले डिझाइनचे शिक्षण बहुतेक जाहिरात, गेम आणि चित्रपट यांच्याकडे पाहते. आपल्या दारात दरवर्षी दहा दिवस जगातला एक प्रचंड दृश्योत्सव भरतो, त्याच्यासाठी काम करणे विद्यार्थ्यांना कमीपणाचे वाटते. त्या अभ्यासक्रमांत मिरवणुकीचा एक प्रकल्प असावा, एवढे तरी संस्थांना सहज करता येईल.

सरकारकडून अपेक्षा ठेवण्यासारखी वेळ आज आहे. केंद्राने २०२२ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृती दल नेमले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच क्षेत्राचे धोरण मंजूर केले, त्यामागे २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. त्याच वर्षी गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. एका हाताने दृश्य उद्योगाला प्रोत्साहन आणि दुसऱ्या हाताने आपल्याच कार्यक्रमांत ‘कंटेंट समाविष्ट’, ही विसंगती दूर करायला अनुदान लागत नाही. निविदेच्या नमुन्यात एक बाब वाढवावी लागते. महापालिका आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने पडद्याचे भाडे आणि दृश्यनिर्मिती या दोन बाबी वेगळ्या कराव्यात आणि दुसरीसाठी सर्वांत कमी दर हा एकमेव निकष ठेवू नये, कारण चित्र हे जनरेटरसारखे किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये मोजता येत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या ज्या स्पर्धा सरकार आणि शहरातल्या संस्था घेतात, त्यांत दृश्यसंकल्पनेचे स्वतंत्र पारितोषिक असावे आणि ते मंडळाच्या नव्हे, तर कर्त्याच्या नावाने द्यावे. खर्चाचा तपशील आणि देणगीदारांची यादी छापणाऱ्या मंडळाच्या अहवालात या कर्त्याचे नाव आले, तर त्याला जागा अर्धी ओळ लागेल.

राहिला प्रश्न मुदतीचा, आणि व्यवहारात सगळ्यात जास्त भांडणे त्यावरच होतात. मूर्तीचे आणि देखाव्याचे काम बहुतेक मंडळे काही महिने आधी ठरवतात, विसारही देतात. पडद्यावरच्या दृश्याचा विचार मात्र पडदा उभा राहिल्यावर सुरू होतो, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन कार्यकर्ता पळत येतो. त्यातली फाइल फोनवर उभी चित्रित केलेली असते, नाही तर पाहुण्यांच्या नावातच चूक असते. रंगमंचाचा मापांसहित नकाशा कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी कलावंताच्या हाती पडावा, आणि मजकूर, नावे, छायाचित्रे दहा दिवस आधी गोठवावीत. शेवटची फाइल दोन दिवस आधी प्रत्यक्ष पडद्यावर एकदा चालवून पाहावी, आणि त्यानंतर बदल हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे द्यावेत. सार्वजनिक संस्थांच्या कार्यादेशात या तारखा घालायला येत्या आषाढापर्यंतचा वेळ पुरेसा आहे.